लेआनं ठेवलेली नावं

५ नोव्हेंबर

संताप! सकाळपासून एकच वाक्य डोक्यात घुमतंय — "बाहेरची आणन्यापरीस घरची बरी." सासूबाई चहा गाळता गाळता बोलून गेल्या, भाजी कोणती करायची ते सांगावं तशा. घरची म्हणजे कोण? हर्षाली. माझी सख्खी धाकटी बहीण! लेक आरोही झाली त्या बाळंतपणात माझं गर्भाशय काढावं लागलं, मुलगा होणार नाही, म्हणून माझ्या नवऱ्यानं, भरतनं, हर्षालीशी लग्न करायचं. आरोही चौथीत गेली आणि आत्ता यांना वारस आठवला!

भरत मोबाईलमधून मान वर काढेना. तुझं काय म्हणणं, विचारलं. "आई म्हनती त्यात वावगं काय हाय? तुला कोन हाकलतंय का?"

हाकलत नाहीत, हे उपकारच म्हणायचे.

६ नोव्हेंबर

प्रेसमध्ये लग्नपत्रिकांचा ढीग. दिवसभर 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' टाईप करायचं आणि आतून जळायचं. नारायणगावातली निम्मी लग्नं माझ्याच बोटांखालून जातात!

दुपारी पास्टर सयाजी आले. मढ गावाकडचे, रिटायर शिक्षक. बायबलातल्या हिब्रू नावांचे गूढ अर्थ अशी पुस्तिका त्यांना नाताळच्या आत छापून हवीय. मालकांनी काम माझ्याकडे दिलं. बरं झालं. यात तरी वधू-वर नाहीत.

९ नोव्हेंबर

वधू-वर नाहीत म्हणे!

आज पुस्तिकेत याकोबाच्या घरापर्यंत आले. दोघी सख्ख्या बहिणी, लेआ आणि राहेल. याकोबाला हवी होती धाकटी. बापानं फसवून आधी थोरली गळ्यात मारली, मग धाकटीही दिली. एक नवरा, दोघी बहिणी. टाईप करता करता हात थांबला माझा.

आणि नावांचे अर्थ? राहेल म्हणजे मेंढी. लेआ म्हणजे थकलेली — काहींच्या मते रानगाय. वा! गाय दिली, वर मेंढी दिली. बापाच्या दावणीला जे होतं ते दिलं.

नवऱ्याचं लेआवर प्रेम नाही. म्हणून ती पोरांच्या नावात गाऱ्हाणं घालते. थोरला रऊबेन — पाहा, मुलगा! आता तरी नवरा माया करील. दुसरा शिमोन — मी नावडती आहे हे देवानं ऐकलं. तिसरा लेवी — जडणं. तीन मुलगे दिले, आता तरी तो मला जडून राहील. पोरांची नावं आहेत की नवऱ्याकडे केलेले अर्ज? पुढं याच नावांनी कुळं चालली. माणसं अभिमानानं सांगत राहिली, आम्ही अमक्या कुळाचे. आणि त्या नावात काय, तर एका बाईचं रडणं.

खाली पास्टरांची टीप: 'यावरून आदर्श पत्नीची सोशिकता दिसून येते.' कीबोर्डवर इतक्या जोरात बोटं आपटली की मालक बघायला आले.

१० नोव्हेंबर

हर्षाली फोन उचलत नाही.

१२ नोव्हेंबर

सुट्टी टाकून माहेरी, महाळुंग्याला गेले. अण्णा गोठ्यात. काल कालवड झालीय, तिच्या पाठीवरून हात फिरवत उभे. तोंडभर हसू! आईनं खरवस पुढं केला. आरोही झाली तेव्हा हाच माणूस दवाखान्यात फिरकला नव्हता. गोठ्यात मादी झाली की खरवस, घरात झाली की तोंडं वाकडी.

"तुम्ही हो म्हणालात?" विचारलं.

"हर्षूचा साखरपुडा मोडला. आता चांगलं स्थळ येतंय व्हय? तुजं घर ऱ्हाईल, तिचं बी लागंल. ह्यात नुकसान कुनाचं हाय, सांग."

कायद्यानं गुन्हा आहे म्हटलं. तर म्हणाले, "देवळात हार घालायचं. कागद कोन करतंय? तू तेवढी गप ऱ्हा." गप ऱ्हा! म्हणजे सगळं माझ्या गप्प राहण्यावर अडलंय.

"हर्षालीला विचारलंत का?"

"तिला काय इचारायचं?"

ती आतल्या खोलीत ब्लाऊज शिवत होती. मी दारात उभी. मान वर केली नाही, मशीन थांबवलं नाही. घाबरवून ठेवलंय पोरीला! खरवस न खाता निघाले. जीप मिळेपर्यंत रस्त्यावर रडले. रागानंच.

१८ नोव्हेंबर

पास्टर प्रुफं बघायला आले. मी भांडायच्या तयारीतच होते. म्हटलं, लेआला एक मुलगीही होती, दीना. प्रत्येक मुलाच्या नावापुढे कारण आहे, हिच्यापुढे का नाही? तुमच्याकडून राहिलं का?

"शास्त्रातच नाही, बाई. मुलांची कारणं दिलीत. मुलीचं नुसतं नाव ठेवलं, एवढंच हाय."

"आणि अर्थ?"

"न्याय."

बघा! न्याय जन्माला आला, तर त्यावर कोणाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही.

सोशिकतेची टीप काढा म्हटलं. चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "आमची बायकोबी तेच म्हणते." मग काढा की! "राहू द्या आता. पुढच्या आवृत्तीत बघू." पुरुष कुठल्याही देवाचा असो, पुढच्या आवृत्तीत बघतो!

२१ नोव्हेंबर

रविवारी बैठक. दोन्हीकडची माणसं आमच्या घरी. सासूबाईंनी पोह्यांची तयारीसुद्धा केली. भरत रात्री गोड बोलायला आला — "तुजा मान थोरलीचाच ऱ्हाईल." उशी फेकून मारली.

त्या लेआचा चौथा मुलगा यहूदा. म्हणजे स्तुती. या वेळी ती एवढंच म्हणाली, आता मी देवाची स्तुती करीन. त्यात नवरा नाही! चौथ्या खेपेला बाई शुद्धीवर आली. मी हसले तिला. मग ही वही मागं, पार जानेवारीपर्यंत चाळली. पानापानावर भरत काय म्हणाला, भरतनं काय केलं, भरत का बोलत नाही. मी कोणाला हसतेय?

२४ नोव्हेंबर

बैठक झाली. मी सगळ्यांसमोर सांगितलं — मी गप्प राहणार नाही, पोलिसात जाईन. सासूबाईंनी छाती बडवली. अण्णा म्हणाले, "माजं त्वांड काळं करती ही." मी म्हटलं, आधी हर्षालीला विचारा! एकदा तरी विचारा तिला! तिला जबरदस्तीनं उभी करताय, हे तिच्याच तोंडून ऐका.

विचारलं. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"माजी हरकत न्हाई," हर्षाली म्हणाली.

माझ्या बहिणीनं! पदर धरून माझ्यामागं फिरायची ती! भरतच्या तोंडावर जे हसू आलं ते मला जन्मभर विसरता येणार नाही. हर्षाली मेली मला.

२५ नोव्हेंबर

हर्षाली प्रेसवर आली. चहाच्या टपरीशी उभी करून वाटेल ते बोलले. लोक थांबून बघत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, आता परक्या घरात जायाचा जीव न्हाई माजा. तुज्याजवळ ऱ्हायला मिळंल म्हनून हो म्हनले. दाजींसाठी न्हाई गं. तुज्यासाठी."

प्रेसच्या वरची खोली भाड्यानं द्यायची आहे. मालकांना सांगितलं, उद्यापासून आम्ही तिघी येतोय.