भांडाले गेली अन् ओटी भरून आली

सहा दिवस झाले ओमप्रकाश, पोरगी शाळेच्या बसमधी चढून नाई राह्यली, अन् तिचा सख्खा मामा तिकडं तळेगावात संत्र्याच्या झाडाखाली मस्त बसून हाये. (आशीर्वाद लिवाचा राह्यलाच. तुले अन् सुनबाईले मंदाताईचा आशीर्वाद. तुह्या गुडघ्याचं कसं हाये? तेल लावत जाजो, नुसता कण्हत नको बसू.) फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर ठेवतं अन् माह्या घरची गोष्ट सारा पार ऐकते. म्हणून लिवून राह्यली. चवथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाये, हासशील तं पाय.

झालं असं का आकांक्षाचा डबा पंधरा दिवस भरलाच्या भरला वापस येत होता. मले वाटलं जंत झाले. डॉक्टरची गोळी दिली, डबा तसाच. मंग मागच्या मंगळवारी दारात पाय रोवून उभी राह्यली, म्हणे शाळेत जातो पण बसनं नाई जात. आता देवळीवरून वर्ध्याले का पायी जाशील, म्हटलं. तवा रडत सांगतलं, मागच्या सीटवरचा धनंजय चिडवते, अन् मंग सारी बस हासते. काय म्हणून चिडवते ते मातर सांगत नाई. गोड बोलून पायलं, एक धपाटा देऊन पायला.

मी तशीच कणकीच्या हातानं तिले घेऊन बसमधी चढली. ड्रायवर तानबा म्हणे, बाई, पालकाले चढता येत नाई. म्हटलं, तू उतरवून दाखव. तं गुमान गाडी काढली. मी मागं जाऊन इचारलं, धनंजय कोन? तं आठवीतलं एक उंच, चश्मेवालं पोरगं उठून उभं राह्यलं अन् म्हणे, काकू, तुमी बसा. आपली सीट दिली! शाळेवरोक माह्या हातातलं आकांक्षाचं दप्तर धरून उभं राह्यलं. आता असं पोरगं गुंड राह्यते का? बाकी सारी बस खिडकीबाहेर पाहून राह्यली. शाळेतली मॅडम म्हणे, फाटकाच्या आतलं आमचं, बसमधलं बसवाल्याचं. तानबा म्हणे, माही नजर रस्त्यावर, मागचं देव पायते. देवाले इचाराले कुठी जाऊ?

मंग रविवारी ठरवलं, याच्या घरीच जातो अन् मायबापाची चांगली हजेरी घेतो. नव्या लेआउटमधी घर हाये. रस्त्यानं सारं बोलणं घोकत गेली, एक शिवी तं दोनदा घोकली. दार उघडलं त्याच्या मायनं. गोरीगोमटी, हसतमुख. ‘या ना ताई, उन्हाच्या आल्या.’ पाणी दिलं. पाणी पिऊन भांडते, म्हटलं. तं पोहे आले. पोहे खाता खाता ते म्हणे, तुमचं बोलणं आमच्या तळेगावासारखं वाटते. म्हटलं, कोनाची तू? तं अण्णाजीची पौर्णिमा! तुह्या घरापासून पाचवं घर! मी लगन होऊन इकडं आली तवा पौर्णिमा फ्राकमधी होती, वयखू कशी येईन? मंग काय, गावची लेक म्हणून गळ्यात पडली, रडली, हळद-कुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली. जिनं ओटी भरली तिच्याच उंबरठ्यावर तिच्या लेकराले शिव्या कशा देऊ, तूच सांग. निंगताना धनंजय पाया पडला, ‘येतो मावशी’ म्हणे. (येणारी मी, जाणारी मी, अन् हे येतो म्हणते.) मी पण गाढवी, शंभर वर्षाचा होय म्हणून आली. घरी आमचे हे पदरातलं नारळ पाहून म्हणे, भांडाले गेलती का वाण लुटाले?

आकांक्षानं तो खण पायला अन् जेवलीच नाई. म्हणे, आई, तू त्याच्याच बाजूनं झाली.

तवापासून मले काईच समजून नाई राह्यलं. भांडली तं माहेर तुटते, नाई भांडली तं पोरगी. पण एक सुचलं. पौर्णिमा गावची लेक म्हंजे तुही बहीण, अन् मी तं हायेच. म्हंजे दोनी लेकराचा मामा तूच. मावशीनं कान पिळला तं माय रुसते, मामानं पिळला तं कोनी बोलत नाई. तू ये अन् त्याचा कान पीळ, अन् असा पीळ का बसमधल्या साऱ्याले ऐकू गेलं पायजे. पत्र आपल्या गावच्या नानाजीजवळ देऊन राह्यली, ते उद्या तळेगावले वापस निंगते.

तुही,
मंदाताई

ता. क. पत्र बंद करत होती तं पौर्णिमाच धनंजयले हाताले धरून आली. आकांक्षा बसमधी का दिसून नाई राह्यली म्हणून तिनंच त्याले खोदून इचारलं. पोरगं खाली मान घालून म्हणे, ‘मावशी, मी नाव नाई ठेवलं. उन्हाळ्यात तळेगावले आबाजीकडं गेलतो तवा ओमप्रकाशमामा पारावर सांगत होते, का आमची देवळीची भाची आकांक्षा गोल ढेमसं हाये, बसली का उठत नाई, दोन ताटं लागते तिले. सारे हासत होते. मले वाटलं तिले घरी असंच म्हणतात, म्हणून बसमधी मी बी म्हटलं, अन् मामाचं नाव बी सांगतलं.’ मंग बसमधी पोरं म्हणाले लागली, ढेमसं आली, दोन सीटा खाली करा. म्हणून माही लेक डबा उघडत नवती, ओमप्रकाश. अन् तुले शिव्या पडतील म्हणून नाव सांगत नवती. वर जे कान पिळण्याचं लिवलं ते तसंच ठेवलं हाये, फक्त कान कोनाचा ते बदललं.

आणखी एक. तुले सारं गाव तेलाचा पिपा म्हणे, तवा मी तिसरीतल्या पाटीनं दोघाचे डोकशे फोडले होते. इसरला असशील, मी नाई इसरली. आता माह्याजवळ पाटी नाई. सोमवारी सकाळी सात वाजता बस येते. तू यायचं, तिचा हात धरून चढायचं, तिच्या बाजूले बसून तिच्या डब्यातलं खायचं, अन् आपलं पिपा नाव साऱ्या बसले स्वतःच सांगायचं. नाई आला तं मी सांगन, अन् कशावरून पडलं ते बी सांगन. येतं का नाई ते शनिवारच्या सांजेवरोक कळव. फोन कर, पण स्पीकर बंद करून.