खासदारबाईचं बिल

करावे, मंगळवार, दिवेलागणीला

नात लिहितेय, मी सांगतेय. लिही गं, आज तुझ्या आजीचा जळफळाट झालाय.

अमेरिकेहून माझ्या दिनूचा फोन आला. विचारलं, "काय जेवलास रं?" तर म्हणतो, "आये, इथल्या एका खासदारबाईनं बिल आनलंय." मला वाटलं लाइटचं. म्हटलं, "मंग भरून टाक!" हसला मेला. बिल म्हणजे म्हणे कायदा, बाहेरच्यांना हाकलायचा. बाईला बंदुका हव्यात, शाळेत प्रार्थना हवी, बाहेरचे तेवढे नकोत. आणि तिच्याच बागेत बाहेरचे माळी निघाले, म्हणून तिकडे बोंबाबोंब.

बाई सकाळी काय बोलली, कुणावर चिडली, सगळं याला पाठ. माझा गुडघा? त्याचं नावच नाही. नातीच्या मोबाइलवर त्या बाईचा फोटो बघून घेतला. केस बरे आहेत. म्हणजे चांगलेच आहेत. या वयात एक पांढरा नाही, रंगवत असणार.

शेवटी हळूच म्हणाला, "आये, गणपतीला येनं जमनार नाय. आता भायेर पडलो तर परत आत घेतील का, भरवसा नाय."

मी "बरं" म्हटलं. त्या बाईला माझा पोरगा नकोय, तरी राहिला तिच्याचकडे.