न पाहिलेल्या उत्तरार्धाबाबत

मी, वय एकाहत्तर, व्यवसाय चित्रपट परीक्षण, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही हात धरून लिहवून घेत नसताना हे मृत्युपत्र करतो. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. आमच्या वृत्तपत्राच्या संपादकांना माझ्या डोक्याबद्दल शंका असल्यास तो वाचावा.

१. राहते घर, सामानासकट, माझ्या मुलीला. हे मृत्युपत्रही तिनेच अमलात आणावे.

२. अंधारात लिहिण्याचे दिव्याचे पेन भाच्याला. हे चिरंजीव मध्यंतरातच चित्रगृहाबाहेर उभे राहून फोनवर परीक्षण देतात. झापले तर म्हणतो, "मामा, लोकांना रेटिंग हवं असतं. शेवट कोणाला हवाय?" हल्लीचे चित्रपटही त्याच लायकीचे! प्रेक्षक फोनमध्ये डोके घालून बसणार हे धरूनच चालतात, म्हणून नायिका रडता रडता आपण का रडतो तेही सांगते. तीन तास छळून शेवटी पाटी येते, उरलेली गोष्ट पुढच्या वर्षी. यावर एक परीक्षक ब्र काढत नाही. पेन एका अटीवर: पडद्यावरून शेवटचे नाव जाईपर्यंत खुर्ची सोडायची नाही.

३. खरे तर ही अट घालायला मला तोंड नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका नवख्या दिग्दर्शिकेचा पहिला चित्रपट मी मध्यंतरात सोडून आलो. कंटाळलो होतो, दुसरे कारण नव्हते. त्यात चौघांच्या घरात दर जेवणाला पाच ताटे मांडलेली दिसत. मी छापले, "बाईंना मोजता येत नाही." लोक हसले. चित्रपट आठवड्यात उतरला आणि तिला पुन्हा कोणी उभे केले नाही.

मागच्या वर्षी तो एका लहानशा महोत्सवात पूर्ण पाहिला. पाचवे ताट घरातून हाकललेल्या थोरल्या मुलीचे होते. आई ते रोज मांडायची, आणि उत्तरार्धात ती मुलगी परत येऊन मुकाट जेवायला बसते. मला रडू आवरेना, आणि स्वतःची अतोनात लाज वाटली.

मी तिला फोन केला. ती आता शिवणवर्ग चालवते. म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं हो. मध्यंतरानंतरचं एक अक्षर नव्हतं तुमच्या लेखात. पण मला काय सांगताय? ज्यांना सांगितलंत, त्यांना सांगा."

ते सांगणारा लेख मी संपादकांना तीनदा दिला. तिन्ही वेळा एकच उत्तर: "जाऊ द्या हो, कोणाला आठवतोय तो सिनेमा?" अरे, आपणच तो मारला म्हणून आठवत नाही, हे या गृहस्थांच्या टाळक्यात शिरत नाही!

४. म्हणून बँकेतली माझी सगळी शिल्लक मुलीने त्याच वृत्तपत्राच्या चित्रपटांच्या पानावर जाहिरात देण्यात खर्च करावी. हे लोक लेख नाकारतात. जाहिरात नाकारलेली मी आजवर पाहिली नाही. जागा अर्धे पान, माझ्या परीक्षणाला मिळाली होती तेवढीच. वर चित्रपटाचे व दिग्दर्शिकेचे नाव ठळक. खालच्या मजकुराचा काना-मात्रा बदलू नये:

"या चित्रपटाचे मी लिहिलेले परीक्षण खोटे होते. मी मध्यंतरात उठून गेलो होतो. चित्रपट चांगला आहे."

त्याखाली माझे पूर्ण नाव, तेव्हा छापले होते तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: ९ ऑगस्ट, शुक्रवार

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
(सही) दाखला देणारे डॉक्टर
(सही) त्या दिवशी मला बाहेरचे दार उघडून देणारे चित्रगृहाचे द्वारपाल, आता निवृत्त