खांबावरची रेघ

रविवार, डिसेंबर २००८. बदलापूर

आज ताईच्या चिखलोलीतल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत. खाली पार्किंगमधला ग्रुप फोटो काळोखा आला, म्हणून कॅमेऱ्यातच त्याची रॉ, म्हणजे मूळ कच्ची फाइल उजळत बसलो. उजेड वाढवला तसे आधी भावोजींचे दात दिसले, मग त्यांच्यामागच्या खांबावरची रेघ. ताज्या रंगाला चिरत, छतापासून जमिनीपर्यंत.

पूजेला आलेल्या बिल्डरला स्क्रीन दाखवला. "साहेब, एवढा उजेड कशाला? आधीचाच छान होता!"

"मेहुणे, शुभ दिवशी तरी खोड काढू नका," भावोजी म्हणाले.

मीही शहाणा. पुन्हा अंधार केला, कॉपी सेव्ह केली. सगळ्यांना आवडली. मूळ फाइलमध्ये रेघ आहेच. खांबावरही.

वास्तुशांतीच्या रात्री घर रिकामं ठेवत नाहीत, म्हणून ताई तिथेच झोपणार. "तूही राहा रे," म्हणाली. मी उद्याच्या ऑफिसचं कारण पुढे केलं.