गाडी रात्री कुठे असते

९ जून

ती. बाबा,
सा. न.

तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते. विचारायला मधलं कुणी उरलेलं नाही. मी बरी आहे. खोली चौथ्या मजल्यावर आहे, पाणी वेळेवर येतं. शेजारची बाई दिवसभर रेडिओ लावून बसते, पण माणूस म्हणून चांगली आहे.

चार वर्षांनी लिहितेय ते कामासाठी. सहज आठवण आली वगैरे म्हणत नाही.

मी मोटरसायकल घेतली आहे. जुनी, पण इंजिन चांगलं आहे असं मेकॅनिक म्हणतो. कागद माझ्या नावावर होऊन विमा उतरेपर्यंत ती त्याच्याकडेच आहे.

हौस म्हणून नाही घेतली. मी अजून त्याच लॅबमध्ये आहे, पण काउंटरवरची माझी जागा या महिनाअखेर बंद होतेय. लोक आता फोनवरूनच नोंदणी करतात. मालक म्हणाले, "घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं काम आहे, ते करा. नाहीतर..." नाहीतरच्या पुढचं मी समजून घेतलं. उपाशीपोटीचे नमुने साडेसहापासून घ्यावे लागतात आणि पहिली बस सातला सुटते. म्हणून स्वतःची गाडी हवी आणि एक तारखेच्या आत तिचा विमा हवा, अशी अट आहे.

गाडी शिकताना माझ्याबरोबर सगळी कॉलेजची मुलं होती. मी दोनदा पडले, दोन्ही वेळा गाडी उभी असताना. शिकवणारा म्हणाला, "मावशी, चालती गाडी तुम्ही मस्त सांभाळता, मग उभी कशी पाडता?" परवाना मात्र पहिल्याच परीक्षेत मिळाला.

अडलं ते विम्यापाशी. पहिल्या कंपनीने वय विचारलं आणि परवाना किती जुना ते विचारलं. त्रेचाळीस वर्षं आणि पाच आठवडे. त्यांनी जो आकडा सांगितला, तो ऐकून मला वाटलं गाडीची किंमत सांगताहेत. दुसऱ्या कंपनीतली मुलगी फोनवर फार गोड बोलली. "गेल्या पाच वर्षांत तुमचा एकही क्लेम नाही ना, मॅडम? मग सवलत बसेल. आधीची पॉलिसी पाठवा." म्हटलं, आधी गाडीच नव्हती. "मग सवलत नाही बसणार," म्हणाली, तितक्याच गोड आवाजात. ज्याने जन्मात कुणाला धक्का दिला नाही, त्याच्यावर यांचा सगळ्यात कमी भरवसा.

तिसरा विमावाला स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर बसतो. त्याच्या टेबलावर तीन कॅल्क्युलेटर आहेत, त्यातला एकच चालतो. त्याने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "ताई, गाडी रात्री कुठे असते?" मी म्हटलं, रस्त्यावरच असेल, दुसरीकडे कुठे. त्याने पेन खाली ठेवलं. "नवीन माणूस, जुनी गाडी आणि वर रस्त्यावर! कुलूपबंद जागा असती ना, तर निम्म्यावर आणून दिलं असतं. आहे का कुणाची?" आणि माझ्या तोंडून तुमच्या शेडचा पत्ता निघून गेला, घरनंबरासकट.

तेव्हा आता तुमचं नाव त्या फॉर्मवर आहे. पुढच्या आठवड्यात त्यांचा पाहणीवाला येईल, शेड बघेल, तुम्हाला विचारेल. न विचारता पत्ता दिला ही माझी चूक.

तुम्ही हो म्हणालात तर गाडी खरोखरच तिथे राहील. पहाटे घेऊन जाईन, संध्याकाळी लावून जाईन. किल्ली दिलीत तर बेलही वाजवणार नाही. तुमच्या लेथच्या बाजूला एवढी जागा निघावी. नाही म्हणायचं असेल तर पाहणीवाल्याला सरळ नाही म्हणा. दुप्पट पैसे भरणं मला जमणार नाही, म्हणजे काम बहुतेक जाईल. पण त्याचं खापर तुमच्यावर फोडणार नाही.

फक्त मधलं काही करू नका.

पत्र इथेच संपवणार होते. पण ते वाचून तुम्ही विचार कराल, मधलं म्हणजे काय, म्हणून लिहिते. मी तुमच्या घरात नांदत असतानाच तुमच्या मुलाने दुसरा संसार मांडला आहे, हे तुम्हाला अकरा महिने ठाऊक होतं. त्या अकरा महिन्यांत तुम्ही माझ्या शिलाई मशीनचा पट्टा बदललात. माझी दाढ काढायची होती तेव्हा दवाखान्यात दोन तास बसून राहिलात. "पोरी, वाळलीस गं," म्हणालात. पण खरं काय ते सांगितलं नाहीत. तो गेला त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही. तुमचं वाटतं. तुमच्या दारात उभी राहून पुन्हा या घराची पायरी चढणार नाही असं जे ओरडले, ते त्याच्यासाठी नव्हतंच.

उत्तर एका ओळीचं चालेल. पत्ता मागे लिहिला आहे.

कळावे.

२१ जून

ती. बाबा,
सा. न.

तुमचं उत्तर आलं नाही. काल विमावाल्याने बोलावून घेतलं. "ताई, काम फत्ते!" म्हणाला आणि पाहणीचा अहवाल माझ्यापुढे सरकवला. जसाच्या तसा उतरवते:

'शेड सुस्थितीत. दोन कुलपे. पाहणीच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला गेलेली. गेले दोन महिने रोज रात्री येथेच असते, असे जागामालक सांगतात. गाडीमालक ही जागामालकांची सून. वास्तव्य याच घरी. माहिती विश्वासार्ह.'

गाडी घेऊन मला तीन आठवडे झालेत. घर सोडून चार वर्षं. तुम्ही त्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून हे सांगितलं असणार, त्याशिवाय तो शेवटचा शेरा मारणार नाही.

मी तिथेच रडले. विमावाल्याला वाटलं, सवलत मिळाली म्हणून. त्याने पाणी दिलं आणि म्हणाला, "होतं असं, ताई."

मला तुमचा राग आला. फार आला. एक गोष्ट करू नका म्हटलं, तर तुम्ही नेमकी तीच केलीत. आणि राग आलेला असतानाच लक्षात आलं, की मुलाच्या वेळीही तुम्ही हेच केलं असणार. आपल्या माणसाचं नुकसान होऊ नये म्हणून मूग गिळून बसलात. तेव्हा आपलं माणूस तो होता. या वेळी मी. हे कळलं म्हणजे मी तुम्हाला माफ केलं असं मात्र समजू नका.

मी विमावाल्याला सगळं खोडायला लावलं. वास्तव्य खोडून माझ्या खोलीचा पत्ता घातला, दोन महिने खोडून 'सोमवारपासून' लिहिलं. "झालेलं काम कशाला उकरता, ताई?" म्हणाला. आकडा थोडा वाढला, पण झेपेल. पॉलिसी मंगळवारपासून सुरू होतेय. म्हणजे सोमवारी गाडी तुमच्या शेडमध्ये हवी. नको असेल तर त्याआधी कळवा. नाहीतर येतेच. विम्याशिवाय चालवणार नाही, मेकॅनिककडून ढकलत आणीन. पाचपर्यंत पोचेन.

गाडी लावून झाली की मी लगेच निघणार नाही. बसेन. त्या अकरा महिन्यांचं मला सांगा. तुम्हाला कुणाकडून कळलं, तुम्ही त्याला काय म्हणालात, आणि रोज माझ्यासमोर जेवायला बसायचात तेव्हा घास कसा उतरायचा. मला बरं वाटावं म्हणून त्यात काही घालू नका. स्वतःला वाचवायला काही गाळू नका. सगळं ऐकल्यावर, गाडी तुमच्याकडे ठेवायची की परत ढकलत न्यायची, ते मी ठरवीन.

पाहणी अहवालाप्रमाणे,
आपली सून