दहाच्या ठोक्याले

अहेरी,
मंगळवार, ता. ९ डिसेंबर १९५८

चिरंजीव पत्रू यास मोठा भाऊ नानाजीचा आशीर्वाद.

इथी मी अन् माय खुशाल हावो. थंडीनं तिचे गुडघे धरतात, पण स्वस्थ बसंल तं ती माय कसली. दिवसभर काईतरी निवडत-पाखडत असते. औंदा धान बरं झालं म्हणतात. तू कुठी हायेस, हे इचारत नाई. ते मले माईत हाय.

दचकू नोको. ही चिठ्ठी देणारा बुधू गाडीवान आपला माणूस हाय. सागवानाच्या गाड्या घेऊन तो तुमच्या डेपोत येत-जात असते. मी त्याले इचारलं, तिथी कोणी डावखुरा कारकून हाय का. म्हणे, हाय, बोलते कमी अन् झोपडीवर तार बांधून ठेवते. मंग काय राह्यलं?

दिवाळीच्या आधी एक दिवस सकाळी दहाले मी वायरलेसच्या खोलीत कानाले फोन लावून बसलो होतो. मधीच बारीक टिकटिक आली. नाव नाई, गाव नाई. इंग्रजी अक्षरं जुळवली तं निघालं, "जेवली का माय". एवढंच, अन् बंद. शेवटचा ठोका लांबवलेला. लेका, थाळीवर चमचा वाजवून मीच तुले हे शिकवलं, अन् त्या लांबवण्यापायी किती टपल्या मारल्या. मले तुझा हात वळखू नाई येणार? चार वर्सांनी तू दारात उभा राह्यल्यासारखं वाटलं. मले रडू आलं, पत्रू.

पण शेजारी साहेब होता. त्याले मराठी येत नाई. तो म्हणे, ही गुप्त भाषा हाय. त्या अक्षरांचा कागद कुलपात ठेवते, माझ्याबिगर कोणाले दाखवत नाई, अन् पंधरा दिवस तक्ते मांडून त्याचा अर्थ काढून राह्यला. कधी म्हणे बंदुका, कधी म्हणे सागवानाची चोरी. मी नंदीबैलासारखी मान हालवली.

मंग नागपूरहून चौकट आली. बाजेएवढी लाकडी चौकट, तिच्यावर तार गुंडाळलेली. रोज दहाले तुझी टिकटिक सुरू झाली का ती हळूहळू फिरवायची. आवाज जिथी पार बसते, तिथी चौकटीचं तोंड तुझ्याकडं. पण समोर का पाठीमागं, हे ती सांगत नाई. एकीकडं बल्लारशा, दुसरीकडं इंद्रावतीकडचं रान. साहेब म्हणे, रानात मशीन कोण चालवणार. बल्लारशाले जाऊन आठ दिवस भंगाराची दुकानं उलथीपालथी करून आला. खरं काय ते दुसऱ्या जागेवरून पाह्यलं का समजते. दोन रेघा जिथी कापतात, तिथी माणूस.

तो बल्लारशाले असतानाच मी त्याच्याआधी पाह्यलं. रजा काढून, चौकट मोटरीच्या टपावर बांधून गडचिरोलीले गेलो. कंडक्टरनं इचारलं काय हाय, तं म्हटलं पाळणा. त्यानं मुलगा का मुलगी इचारलं. मी म्हटलं, मुलगा. तिथी दहाले चौकट फिरवून तुले ऐकलं, अन् घरी येऊन नकाशावर दुसरी रेघ ओढली. रेघा कापल्या तिथी तुमच्या डेपोबिगर काईच नाई. त्या टिंबावर मी कितीतरी वेळ बोट ठेवून बसलो होतो.

मायले मी पहिल्याच दिवशी सांगतलं. तवापासून ती दहाच्या आधी जेवत नाई. थाळी वाढून बसते. मी साडेदहाले घरी येतो अन् म्हणतो, इचारलं त्यानं. मंग घास घेते. एक दिवस तुझं मशीन बोललं नाई. थाळी तशीच राह्यली, सांजेले गायीपुढं गेली. मले म्हणते, तू एवढा मोठा वायरलेसवाला, एक बार त्याले उलट सांग ना, जेवली म्हणून. बटन हाताजवळ असते, पत्रू. सरकारी बटन. रोज बोट उचलतो अन् खाली ठेवतो.

आता ऐक. येत्या सोमवारी, पंधरा तारखेले, साहेब स्वतः गडचिरोलीले चौकट लावणार हाय. त्या दिवशी दहाले तू बोललास का दुसरी रेघ त्याच्याई हाती लागंल, अन् बुधवारपर्यंत शिपाई तुमच्या डेपोत. बिना लायसनचं मशीन म्हणजे जेल. म्हणून मशीन मोड, नदीत टाक. मोठा भाऊ हात जोडून सांगून राह्यलो.

तुझी टिकटिक बंद झाली का तू जिता हायेस का, हेई मले समजणार नाई. पण ही पाळी माझ्यामुळंच आली. चांद्याच्या वायरलेसच्या परीक्षेत तू नापास नव्हता झाला. परीक्षा घेणाऱ्या साहेबानं मले बाजूले घेऊन इचारलं, तुझा भाऊ कसा हाय? मी म्हटलं, हात कच्चा हाय. तुझा हात माझ्याहून सरस होता. मले ते सहन नाई झालं. वरून वाटलं, नापास झाला तं पोरगा घरीच राहील. तू त्याच सांजेले घर सोडून गेलास. हे अजून मायले सांगतलं नाई. तुझ्यासमोर सांगीन.

सोमवारपासून मी तिले खोटं बोलणार नाई. ती थाळी वाढंल अन् बसून राहील. मशीनवर नोको इचारू, बापा. बुधूच्या गाडीत बस अन् इथी येऊन इचार.

आज जेवली हाय.

तुझा हात कच्चा म्हणणारा,
नानाजी