केसपेपर सरकवायचं बटण

६ जाने., सोम.
आजपासून वरच्या हॉलमध्ये ट्रेनिंग. लॅपटॉपवर गेम! लेबर रूम, पलंगावर कार्टूनची बाळंतीण, शेजारी कार्टूनचे डॉक्टर, आणि सिस्टर म्हणजे आपण. वेळेत योग्य बटण दाबायचं, नाहीतर बाई दगावते. सत्तेचाळिसाव्या वर्षी ही थेरं. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, बोलायला गोड. तीन चान्स. तिन्ही गेले तर लेबर रूम सोडून ओपीडीत. बावीस वर्षं बाळंतपणं केली, आता नंबर पुकारत बसू?

७ जाने., मंगळ.
पहिला चान्स गेला. बाई मेली.
बाळंतपण झालं, रक्त थांबेना. पडद्यावरचे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, मेथर्जिन द्या." वर कोपऱ्यात बीपी लाल दिसत होतं. मेथर्जिननं रक्त थांबतं, पण बीपी वाढलेलं असलं की ते द्यायचं नाही, आणखी भडकतं. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि दाबलं काय, तर "हो सर". बोट आपोआप गेलं.
मॅडमनी विचारलं, "माहीत होतं ना? मग एरवी काय करता?"
सांगितलं. डॉक्टर चुकले तर तोंडानं बोलायचं नाही. केसपेपर त्यांच्यापुढं सरकवायचा, बीपीच्या आकड्यावर बोट ठेवायचं. सर बघतात, "बरं, दुसरं काढा" म्हणतात. त्यांचा मान राहतो, बाई वाचते. मला शिकवणाऱ्या सिस्टरही हेच करायच्या.
मॅडम म्हणाल्या, "गेममध्ये ते बटण नाही हो."

९ जाने., गुरु.
दुसराही गेला. "थांबा सर, बीपी जास्त आहे" हे बटण समोर होतं. दाबायला उशीर केला. कार्टूनला भ्यायले मी! ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "तिथं बोल की. घरात तर मला बोलू देत नाहीस." हसू आलं नाही. जेवण गेलं नाही.
आणि ती कार्टून बाई मरताना म्हणते, "मला अस्वस्थ वाटत आहे." इतकी शुद्ध बोलणारी बाळंतीण आमच्याकडं आजवर आली नाही.

१३ जाने., सोम.
पास!! दोन सेकंदांत दाबलं. पडद्यावरचे डॉक्टर म्हणाले, "धन्यवाद, सिस्टर." बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी डॉक्टर मला असं म्हणाला, तोही खोटा. लेबर रूम राहिली. येताना गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत रिक्षा मिळेना, चालत आले. तरी पेढे घेतले.

१६ जाने., गुरु.
थोडक्यात लिहिते.
अंबिका, मंगळवेढ्याकडची, पहिलटकरीण. सकाळी मीच बीपी घेतलं, १६०/११०. सकाळच्या डॉक्टरांना सांगितलं, गोळी चालू केली, ते ड्यूटी संपवून गेले. दुपारच्या ड्यूटीचे सर ऑपरेशनमधून धावत आले. मुलगी झाली, लगेच रडली. मग रक्त. सलाईनमधल्या औषधानं थांबेना. सर म्हणाले, "मेथर्जिन."
केसपेपर बघितला. टेबलावर नाही. तिच्या नवऱ्यानं सरकारी योजनेच्या कागदांसाठी खाली झेरॉक्सला नेलेला. मी सिरिंज भरून उभी, दाराकडं बघतेय, कागद येईल म्हणून. सर ओरडले, "झोपलात का? आणा इकडं." हातातून घेतलं. दिलं.
मला माहीत होतं. तोंड उघडलंही होतं, पण...
रक्त थांबलं. दहा मिनिटांत अंबिका म्हणाली, "बाई, डोकं फुटायलंय. डोळ्याम्होरं काजवं दिसायल्यात." बीपी दोनशेच्या वर. आयसीयूत हलवली.

१७ जाने., शुक्र.
पहाटे तिला झटका आला. आता शुद्धीवर आहे, पण डावा हात उचलत नाही. मेंदूचा स्कॅन झालाय, रिपोर्ट यायचाय.
जिन्यात तिची सासू पाया पडायला वाकली. "तुमी व्हता म्हून पोरीचं रगात थांबलं. लई उपकार झालं बगा." मी मागं सरले. लाज वाटली, अजून वाटतेय.
सरांनी बोलावलं. आवाज खाली. "बीपी मला कुणी सांगितलं नाही, सिस्टर." मी म्हटलं, "केसपेपर खाली होता, सर." ओरडले असते तर बरं झालं असतं.

१८ जाने., शनि.
रिपोर्ट नाही. हात तसाच.
आयसीयूच्या दाराशी बाकावर सासू, मांडीवर नात. मला थांबवलं. आज पाया पडली नाही.
"बाई, एक इचारू का? परवा मी दारातच उबी व्हते. तुमी सुई भरून माज्याकडंच बगत व्हता की. काय सांगायचं व्हतं?"
मी म्हटलं, "बाळानं दूध घेतलं का?"
"घेतलं," म्हणाली, आणि थांबली. मी आत गेले. सुटताना मागच्या जिन्यानं उतरले.
उद्या रविवार, पण माझी सकाळपाळी. ती तिथंच असणार. पुन्हा विचारणार.